आईच्या हाताची ट्यूब

आमच्या घरात कोणी कोणाच्या तोंडाला हात लावत नाही. तशी पद्धतच नाही. बाहेरच्याला विचित्र वाटेल, पण डोणगावच्या पुढं आमच्या वस्तीत बहुतेक घरांत असंच आहे, कारण बहुतेक घरांतल्या बाया बिबे फोडतात. बिबा म्हणजे जंगलातलं काळं, टणक फळ. दगडावर ठेवून हातोडीनं फोडायचं आणि आतली गोडंबी न तुटता काढायची. ती गोडंबी व्यापाऱ्याकडं जाते आणि शेवटी कोणाच्या तरी बाळंतिणीच्या लाडवात. टरफलातून जे काळं तेल उडतं ते मात्र आमच्या बायांच्या वाट्याला. अंगावर पडलं की कातडी भाजते, फोड येतात, पाणी सुटतं. याला आमच्याकडं ‘बिबा उतला’ म्हणतात.

आई लग्न होऊन आली तेव्हापासून बिबे फोडते. तिचे हात मनगटापर्यंत काळे आहेत आणि पेरापेराला चिरा. राखेनं घासून, धुवून, तेल लावूनही तिला स्वतःच्या हातांचा भरवसा नसतो. म्हणून ती लेकरांच्या गालाला शिवत नाही. दुसऱ्यांच्या आया अलाबला घेताना लेकराच्या तोंडावरून हात उतरवतात आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडतात. माझी आई वीतभर लांबून, हवेतल्या हवेत हात फिरवायची आणि मग बोटं मोडायची. लहानपणी मला वाटायचं, अलाबला अशीच घेतात.

हे आधी सांगावं लागलं, कारण याच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. मला झाल्या त्या पुटकुळ्या. हो, त्याच, तारुण्यपिटिका. लोक हसतात. म्हणतात, पुटकुळ्यांनी कोणी दवाखान्यात भरती होतं का? होतं बाप्पा. मी झाले. ज्यांच्या तोंडावर आज हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय, आणि त्यांच्या आयांसाठी त्याहून जास्त.

बिबाच असणार

मी डोणगावात एका सेतू केंद्रात काम करते. लोकांचे फोटो काढणं, अंगठे घेणं, दाखले काढून देणं. दिवसभर माझ्या तोंडात एकच वाक्य, ‘मान सरळ ठेवा, तोंडावरचं काढा, कान दिसू द्या.’ बाया लाजतात, मी खेकसते. मागं रांग असते ना.

कॉलेजात होते तेव्हा माझ्या कपाळावर बारीक दाणे होते, नाकावर काळे ठिपके. ते कोणाला नसतात? मी लक्षच दिलं नाही. मग कामाला लागल्यावर जबड्याच्या कडेनं गाठी यायला लागल्या. त्यांना वर तोंड नसायचं. आत खोल, वाटाण्याएवढ्या, घास चावला तरी कळ डोक्यात जायची. एक बसली की दुसरी उठायची. बसलेली जाताना काळा डाग ठेवून जायची.

आमच्या घरात कातडीचा आजार एकच, तो म्हणजे बिबा. दुसरा काही असू शकतो हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, शेजारच्याच खोलीत राहते. तिनं एका नजरेत निकाल दिला.

“तुह्याच हाताचा हाय थो बिबा,” ती आईला म्हणाली. “थ्याच हातानं भाकरी थापतं, थ्याच हातानं पोरीले जेवू घालतं. पोरीच्या जन्मात बिबा घातला तुनं.”

 दुसऱ्या दिवशी हाताला प्लास्टिकची थैली बांधून आई भाकरी थापायला बसली. थैलीनं भाकरी थापली जात नाही. पीठ चिकटतं, कड फाटते. चार भाकरी फाटल्या तेव्हा तिनं थैली फेकून दिली आणि म्हणाली, “वैशू, आजपासून तू कर.” त्या दिवसापासून मी स्वयंपाक करायला लागले. तिच्या हातचं खाणं बंद झालं.

आणि इलाज? बिबा उतल्यावर जो करतात तोच. खोबरेल तेल, तीळ वाटून लेप. रोज तोंडभर तेल चोपडून मी झोपायची. खरंच बिबा असता तर उतरला असता. माझ्या गाठी मात्र तेलानं आणखी माजल्या.

गुलाबी

त्या हिवाळ्यात आईचेच हात वाईट उतले. बोटं सुजून कडक झाली, मूठ वळेना. बाबा खामगावला सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये कामाला असतात, तिथंच खोली करून राहतात. ते सुट्टीवर आले तेव्हा तिला मेहकरला डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनं एक ट्यूब दिली. ट्यूबनं चमत्कार केला. हात आठवड्याच्या आत बरे झाले.

आईनं साधा हिशेब केला. आजार तोच, मग औषधही तेच.

हातानं ती लावणार नव्हतीच. तिनं काडीपेटीतली काडी घेतली, टोकाला कापूस गुंडाळला, त्यावर दाण्याएवढी ट्यूब घेतली आणि मला दाराच्या उजेडात बसवलं. “हालू नको वं.” एकेका गाठीवर ती कापूस टेकवत होती. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. आई माझ्या तोंडाच्या इतक्या जवळ आलेली मला आधी आठवत नाही. खोटं कशाला सांगू, ट्यूब लावायची वेळ झाली की मला बरं वाटायचं. मी मुद्दाम सावकाश फिरवायची मान.

आणि गुण आला! लाली गेली, सूज बसली, गाठी दबल्या. थोड्याच दिवसांत तोंड गुळगुळीत झालं, वर गुलाबी झाक. आत्यासुद्धा पाहत राहिली. मी काम आटोपून आईला बोलवायला वखारीत गेले तर सगळ्या बाया हातोड्या ठेवून माझ्याकडंच पाहायला लागल्या. वखार म्हणजे टिनाचं शेड, तिथं ओळीनं बसून बाया बिबे फोडतात.

“काय लावलं वं हिच्या तोंडाले?” आमच्या वस्तीतल्या शांताकाकूनं विचारलं. तिची पोरगी ज्योती बारावीला होती, तिच्याही तोंडावर फोड होते.

आईनं ट्यूबचं नाव सांगितलं. पदराच्या टोकात बांधून आणलेली ट्यूब काढून दाखवलीसुद्धा. माझ्या आईला उभ्या आयुष्यात कोणी रूपाबद्दल सल्ला विचारला नव्हता. काळ्या हातांच्या बाईला कोण विचारतं? त्या दिवशी ती घरी येईपर्यंत हसत होती. मला तिचं ते हसणं अजून दिसतं.

ती ट्यूब मग वस्तीत घरोघरी गेली. चिठ्ठी कोण मागतो, दुकानात नाव सांगितलं की मिळते.

स्कार्फ

पहिला धक्का ट्यूब संपली तेव्हा बसला. दोन दिवस मिळाली नाही तर तोंडाची आग आग. चुलीपुढं बसवेना, उन्हात जाववेना. नवी आणली, लावली, थंड झालं. मग तसंच. लावली तर बरं, नाही लावली तर जळणं. हळूहळू लावूनही जळायला लागलं. गालांची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या लाल रेषा दिसायच्या. गालावर लव वाढली. आणि गाल, कपाळ, हनुवटी, सगळीकडं एकसारखे लाल दाणे उगवले. सगळे एकाच मापाचे, जसे कोणी मोजूनमापून पेरले. त्यांच्या खालून जुन्या गाठी पुन्हा वर आल्या.

मी तोंडाला स्कार्फ बांधून कामावर जायला लागले, फक्त डोळे उघडे. समोरच्याला म्हणायची, तोंडावरचं काढा. एक दिवस एक म्हातारी म्हणाली, “तू बी काढ ना मंग.” रांगेतले सगळे हसले. ती बिचारी सहज बोलली होती. मी तिचा फोटो काढला आणि मागं जाऊन नळाखाली तोंड धरून उभी राहिले.

आत्याचं सुरूच होतं, “आता कोन करीन वं हिले?” आणि आई काडीला कापूस गुंडाळत राहिली, आधीपेक्षा जाड थर लावत राहिली. तिला वाटायचं, औषध कमी पडून राहिलं.

खामगाव

शेवटी बाबांनीच ठरवलं. खामगावला कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवू. आईही आली. बसमध्ये ती माझ्या शेजारी न बसता मागच्या सीटवर बसली. दवाखान्यातही आत आली नाही, बाहेरच्या बाकावर हात पदराखाली घेऊन बसली. “तू जाय बापासंग. मले पाहून थे बाई काय म्हनीन.”

बाबांना डॉक्टरीणबाईंनी बाहेर थांबायला सांगितलं. स्कार्फ काढायला लावला. बराच वेळ त्या दिव्याखाली पाहत होत्या. मग म्हणाल्या, “काय लावते?”

मी पर्समधून ट्यूब काढून दिली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला. 

“आई बिबे फोडते का?” त्यांनी विचारलं. त्यांच्याकडं आमच्या भागातल्या बाया येत असणार.

“हो. बिबाच उतला ना मॅडम?”

“बिबा खाजतो. तुझं खाजतं की दुखतं?”

“दुखतं.”

“मग बिबा नाही.”

इतकं सोपं होतं. बिबा जिथं तेल लागतं तिथं उततो, खाजतो, पाणी सुटतं आणि जातो. मला झालं ते आतून आलेलं होतं. त्यांनी कागदावर पेनानं चितारून दाखवलं. कातडीतलं छिद्र बंद झालं की वर काळा ठिपका किंवा पांढरा दाणा, तो साधा. त्यात सूज आली की लाल फोड, पू झाला की पिकलेला. हेच खोल गेलं की गाठ, आणि गाठ घरच्या लेपानं जात नाही, तिला गोळ्याच लागतात. डागांचंही तसंच. फोड गेल्यावर राहिलेला काळा डाग सावकाश पुसतो, त्याची भीती धरू नये. खड्डा पडला तर तो मात्र राहतो. मी इतकी वर्षं समजत होते, फोड म्हणजे फोड आणि डाग म्हणजे डाग.

“आणि हे एकसारखे लाल दाणे?” मी विचारलं.

“हे या ट्यूबचे. हिच्यात स्टेरॉइड आहे. तुझ्या मूळ पुटकुळ्या होत्या तेव्हाच आली असतीस तर इतकं झालं नसतं. तोंडाचं निम्मं नुकसान हिनं केलंय.” त्यांनी आवाज चढवला नाही. “कोणी दिली?”

मी सांगितलं.

“आईच्या हातांना बरोबरच दिली होती डॉक्टरनं. हाताची कातडी जाड असते. तोंडाची नसते. आई आल्यात ना? बोलव आत, मी समजावते.”

“नको,” मी म्हणाले.

त्या दाराकडं जायला उठल्या. मी पुन्हा म्हणाले, “नको मॅडम. तिला नका सांगू.”

बाहेर आले तर आई उभी होती. “बिबाच हाय ना?” तिनं विचारलं. इतके महिने ती तेच ऐकत होती, की पोरीचं तोंड तुझ्या हातांनी गेलं.

“नाई वं आई. बिबा नाई. पुटकुया हायेत. कोनालेबी होतात.”

ती मटकन बाकावर बसली. पदर तोंडाला लावून रडली, मग हसली. बाबांना म्हणाली, “आयकलं? तुमच्या बहिनीले सांगा. बिबा नोय म्हना.” रसवंतीवर नेऊन तिनं आम्हाला रस पाजला. मी ग्लास धरून बसले होते आणि मला कळत होतं की माझं तोंड वाचतं की नाही हा एक प्रश्न आहे, आणि हिला खरं सांगायचं की नाही हा त्याहून मोठा. बिब्यातून ती सुटली होती. ट्यूबमध्ये तिला कसं अडकवू?

बंद केल्यावर

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ट्यूब बंद केली की आधी वाढेल, घाबरून परत लावू नको. वाढेल म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. तोंड सोलल्यासारखं लाल झालं. पापण्या सुजल्या. उशीला गाल टेकवता येईना म्हणून मी भिंतीला पाठ लावून बसून झोपायची. रोज पूवाले फोड. वाचणाऱ्यांपैकी कोणी आज याच ठिकाणी असेल तर सांगते, हा काळ सगळ्यात वाईट असतो आणि तो जातो. पण त्या वेळी मला हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याला तांब्या फेकून मारला असता.

आईला काही उमजेना. जी ट्यूब लावून पोरगी गुलाबी झाली होती ती बंद करून पोरगी सडत होती. ती रोज म्हणायची, थोडीशी लावू का. मी रोज नको म्हणायची, कारण विचारलं की गप्प बसायची. एका दुपारी डावा डोळा अर्धा मिटला, अंगात ताप भरला. मी कण्हत पडले होते. डोळा उघडला तर आई पुढ्यात बसलेली, हातात काडी, काडीला कापूस, कापसावर ट्यूब.

“एकडाव लावू दे माय. तुले असं तडफडताना पाह्यवत नाई. त्या डॉक्टरनीले काय समजते? तुले गुन आल्ता, म्या आपल्या डोयानं पाह्यला.”

कापूस गालाला टेकला.

“तुह्या त्या ट्यूबनंच झालं हे!” मी ओरडले. “बिब्यानं नाई झालं. तुनं केलं. डॉक्टरनं सांगतलं मले. तुनं लावली, तुह्या ट्यूबनं गेलं तोंड!”

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. आईचा हात तसाच हवेत राहिला. तिनं काडी खाली ठेवली, कापूस वर येईल अशी, म्हणजे जमिनीला लागू नये. मग उठून बाहेर गेली. मला वाटलं होतं, हे एक दिवस मी हळुवार सांगीन, समजावून सांगीन. तोंडातून असं निघालं.

वॉर्ड

खामगावला भरती केलं. डोळ्याखालची गाठ पिकून सूज डोळ्यापर्यंत चढली होती. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, तरी मी किंचाळले. सलाईन, हातात सुई, सकाळी फिनाईलचा वास, मग इंजेक्शन, मग डॉक्टरांची फेरी. त्यांच्या मागून येणारे जाणारे माझ्याकडं पाहून नजर वळवायचे. बाबा बोलताना माझ्याकडं न पाहता सलाईनच्या बाटलीकडं पाहायचे. “संपत आली वाटते,” एवढंच म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि तेच रोज मिलमधून धावत येऊन माझ्यासाठी संत्री सोलत बसायचे.

बायकांच्या वॉर्डात सगळ्यांना वाटलं मला सासरच्यांनी जाळलं. बाया एकमेकींत कुजबुजायच्या आणि मला ऐकू यायचं. शेजारच्या खाटेवर सोनाळ्याची एक म्हातारी होती, साखरेच्या आजारानं तिच्या पायाचं बोट काढलं होतं. तिनं मात्र सरळ विचारलं.

“कोनं जायलं वं तुले?”

“कोनी नाई आजी. पुटकुया हायेत.”

“पुटकुया?” तिनं नीट निरखून पाहिलं. “अवं माय! मंग त बऱ्या होतीन.”

आणि तिनं खरंच सुटकेचा श्वास सोडला. इतक्या दिवसांत हा शब्द ऐकून कोणी हसलं होतं, कोणी तोंड फिरवलं होतं. ती एकटी खूश झाली. मी पहिल्यांदा जरा झोपले त्या दिवशी. वॉर्डाच्या बेसिनवर आरसा नव्हता, तोही एक उपकारच.

आई आली नाही. मी बाबांना विचारलं. ते बाटलीकडं पाहत म्हणाले, “थे म्हंते, मी काऊन येऊ? मी जोळ गेली की पोरीचं वाढते.”

मला इतका राग आला! मी इथं पडलेय आणि ही तिकडं रुसून बसलीय. आणि त्याच वेळी ती यावी, दारात तरी उभी राहावी, म्हणून मी दरवाजाकडं पाहत राहायची.

घरी

सूज उतरली, डोळा वाचला. घरी आले. नंतर डॉक्टरीणबाईंनी गाठींसाठी गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात. त्या चालू असताना दिवस राहू देऊ नयेत हे त्यांनी मला, लग्न न झालेलीलाही, स्पष्ट बजावलं, म्हणून मीही इथं सांगते. गाठी हळूहळू थांबल्या. डाव्या गालावर मात्र खड्डे राहिले, डोळ्याखालून जबड्यापर्यंत. ते राहणार आहेत.

आई माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. पाणी आण, दार लाव. तिनं आपलं अंथरूण ओसरीवर नेलं होतं. कोनाड्यातली ट्यूब दिसत नव्हती. मग माझं तिच्या हातांकडं लक्ष गेलं. पुन्हा उतले होते, चिरांतून रक्त येत होतं.

“तुह्या हाताले चालते वं थे ट्यूब,” मी म्हणाले. “तुह्यासाठीच देल्ती डॉक्टरनं. लाव ना.”

“जयू दे,” ती म्हणाली आणि भांडी घासत राहिली. राखेचं पाणी चिरांत जात होतं, तरी तिनं हूं की चूं केलं नाही. मला तिथंच तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही. आमच्या घरात तशीही पद्धत नाही.

मग एक दिवस शांताकाकूची ज्योती आमच्याकडं चाळणी मागायला आली. आई चाळणी द्यायला उठली आणि दारातच थबकली. उन्हात उभ्या असलेल्या ज्योतीचे गाल गुळगुळीत होते. गुलाबी, चकचकीत. माझे झाले होते तसेच.

ज्योती चाळणी घेऊन गेली. आई पदर खोचून म्हणाली, “वैशू, चाल.”

“कुठं?”

“वखारीत.”

मी स्कार्फ बांधला. रस्ताभर ती पुढं, मी मागं. शेडमध्ये सगळ्या बसल्या होत्या, हातोड्यांचा टकटक आवाज. भरती झाल्यापासून मी तिकडं फिरकले नव्हते. बायांनी वर पाहिलं. आत्याही होती, गोडंबी निवडत बसलेली.

आई मधोमध उभी राहिली. “काढ थे तोंडावरचं.”

मी म्हणाले, “नाई.”

“काढ म्हन्लं ना.”

हे वाक्य मी रोज किती जणींना म्हणते. मी आजवर एकीलाही विचारलं नव्हतं की काढताना काय होतं. हात वर जात नाहीत, हे होतं. आई माझ्याकडं पाहत होती, ती नजर हुकमाची नव्हती. मी गाठ सोडली.

हातोड्या थांबल्या.

“पाहा,” आई म्हणाली. “सबन पाहा. हे बिब्यानं नाई झालं. हे म्या केलं. मी तुमाले दाखवली थीच ट्यूब, माह्या हातानं लावली. थे हाताची ट्यूब हाय, तोंडाची नोय. ज्याइनं ज्याइनं पोरीले लावली, थ्याइनं आता मनानं बंदबी नका करू, पयले खामगावच्या डॉक्टरनीकडं न्या. माह्यं आयकून लावली ना? मंग हेबी आयका.”

 मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आईचा राग आला, शरम आली. शांताकाकू खाली पाहत म्हणाली, “पन माह्या ज्योतीले त गुन आला.”

“हिलेबी आल्ता,” आई म्हणाली.

आत्यानं निवडणं थांबवलं. 

मग आई माझ्याकडं वळली. तिचे दोन्ही हात वर आले. मला वाटलं, वीतभर लांबच थांबतील, हवेतल्या हवेत फिरतील. ते थांबले नाहीत. चिरांचे, खरखरीत, काळे हात माझ्या गालांना लागले. डाव्या गालावर, खड्ड्यांवर, तिची बोटं अडली आणि तिथंच थोडा वेळ राहिली. मग ती सावकाश हनुवटीपर्यंत खाली आली. तिनं हात आपल्या कानशिलावर नेले आणि कडाकडा बोटं मोडली.

मी हलले नाही. स्कार्फ हातातून खाली टरफलांत पडला होता, तो कोणी उचलला मला आठवत नाही.